दोन तासांची जागा

सन एकोणीसशे पंच्याण्णव. माझं वय तेव्हा एक्कावन्न, पासपोर्टावर सेहेचाळीस. एजंटानं पाच वर्षं कमी लिहून घेतली होती, कारण म्हाताऱ्या माणसाला व्हिसा देत नाहीत म्हणला. त्यामुळं बहारीनमध्ये मी माझ्या वयाच्या माणसांपेक्षा लवकर थकायचो आणि कारण कुणाला सांगता यायचं नाही.

दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, काका, तुमच्या नोकरीवर लिहा. मी म्हणलं, मी काय तिथं इंजिनियर होतो का? मी पार्किंगला होतो. ते म्हणले, मग पार्किंगचंच लिहा. तर लिहितोय. चौथी पास आहे, पाचवीत तीन-चार महिने बसलो. अक्षर माझं स्वतःचं आहे, नातवाकडून लिहून घेतलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघून घ्यावं.

आधी काम काय ते सांगतो, कारण गावात अजून लोक विचारतात, पार्किंगला माणूस कशाला लागतो, गाडी काय पळून जाते काय?

गुदैबिया म्हणजे बहारीनमधला आपल्या लोकांचा भाग. जुनी, एकमेकाला चिकटलेली घरं, केरळी खानावळी, किराणा दुकानं. किराणा दुकानाला तिथं कोल्ड स्टोअर म्हणतात. रस्ते अरुंद आणि गाड्या भरमसाट. त्यात एक चार मजली इमारत होती. खाली शिंपी, टायपिंगचं दुकान, दातांचा डॉक्टर. वरच्या मजल्यांवर ऑफिसं. मागच्या बाजूला इमारतीच्या मालकाची मोकळी जागा, सिमेंट केलेली. तिथं मी.

फाटकावर बोर्ड होता. इमारतीत काम असलेल्यांनी दोन तास गाडी लावावी, फुकट. त्यावर गाडी राहिली तर चाकाला लॉक, आणि लॉक उघडायचे दहा दिनार. लोकांना वाटायचं हा पोलिसांचा दंड आहे. तो नव्हे. पोलिसांचा दंड सरकारात जातो. आमचा मालकाच्या गल्ल्यात. जागा त्याची, बोर्ड त्याचा, लॉक त्याचं, सरकारचा त्यात हात नाही. म्हणून तर लोक माझ्याशी भांडायचे. पोलिसाशी कोण भांडतंय?

लॉक म्हणजे दोन लोखंडी जबडे. एक टायरच्या आतल्या बाजूनं, एक बाहेरच्या बाजूनं, मध्ये कुलूप, आणि बाहेर हातभर दांडा काढलेला. गाडी पुढं घेतली की दांडा जमिनीला अडतो. उचलायला जड. पहिल्या महिन्यात माझी कंबर गेली होती.

गाडी आली की पुढच्या टायरवर मी खडूनं रेघ मारायचो, आणि तीच रेघ खाली सिमेंटवर ओढायचो. शेजारी गोल काढून त्यात घड्याळाचे दोन काटे. बस. दोन तासांनी यायचं, रेघ रेघेला जुळलेली असली तर गाडी हललेली नाही. काही हुशार लोक गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणायचे आणि परत लावायचे. त्याला माझी हरकत नव्हती. हलला ना? त्याचे दोन तास नवे. पण एक पांढऱ्या झग्यातले अरब गृहस्थ होते, अत्तर लावलेले, ते रुमाल काढून टायरवरची रेघ पुसायचे. खालची पुसायला वाकावं लागतं, ते त्यांना जमायचं नाही. मी नुसती खालची रेघ दाखवायचो. ते हसायचे, दहा दिनार द्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात परत रुमाल.

दुसरे एक आपले पुण्याचे साहेब, कुठल्याशा बँकेत अकाउंटंट. लॉक बघून माझ्याशी इंग्रजीत सुरू झाले. मी म्हणलं, "साहेब, मराठीत बोला, लवकर आटपंल." तर म्हणले, "तुम्ही मराठी? मग काढा की ते!" मी म्हणलं, "मराठी आहे म्हणून काढू? मग मल्याळी आला की मल्याळी होऊ का?" ते वर गेले, मॅनेजरशी बोलले, मॅनेजरनं दंड माफ केला आणि मला खुणेनं सांगितलं, काढ. मी काढलं. पण त्या दिवशी जेवलो नाही. माफी द्यायचीच तर ती टाय बांधलेल्यालाच का मिळते, हा माझा सवाल होता. तो मी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

मॅनेजर वर्गीस म्हणून होता. माणूस वाईट नव्हता, पण संशयी. पैसे फक्त त्यानं घ्यायचे, पावती त्यानं फाडायची, पावती बघितली की मी चावी लावायची. चावी माझ्या कमरेला. माझ्या आधी एक राजस्थानी होता. त्यानं कुणा ओळखीच्याचं लॉक पावतीशिवाय उघडलं. खरं काय झालं देव जाणे, पण लॉक उघडं आणि पावती नाही, याचा मालकाच्या लेखी एकच अर्थ: पैसे वॉचमननं खाल्ले. त्याला आठवड्यात परत पाठवला. व्हिसा खलास. मला कामावर घेताना वर्गीसनं तेवढंच सांगितलं होतं, "उसका माफिक मत करना."

आता आमच्या माणसांचं सांगतो. मी बार्शीकडचा. आमच्याकडचे, परभणीचे, नागपूरचे असे बरेच बौद्ध तिथं होते. कुणी एसीचं काम करायचं, कुणी वायरमन, कुणी ऑफिसात. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी कुणाच्या तरी फ्लॅटवर वंदना, मग चहा, मग देशाच्या गोष्टी. तिथं मी गेलो की कुणीतरी म्हणणारच, "काका, पार्किंगला आपलं लक्ष असू द्या बरं." मी म्हणायचो, "लक्ष आहे म्हणूनच लॉक लागतं." लोक हसायचे. मी हसत नव्हतो. मला एकच हवं होतं, की त्या गल्लीत कुणी असं म्हणू नये, की हा आपल्या जातभाईंना सोडतो. म्हणून आपलं माणूस आलं की मी घड्याळ दोनदा बघायचो. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. त्यावरून दोन-तीन घरांनी मला चहाला बोलवायचं सोडलं. सोडू दे म्हणलं.

तर तो गुरुवार. जुलै. तिथला जुलै म्हणजे भट्टीचं दार उघडं ठेवल्यासारखा, त्यात दमट. अकराच्या पुढं एक पांढरी बंद व्हॅन आली. चालवायला मिलिंद. परभणीचा, एसीचा मेकॅनिक, बोलायला गोड, धावपळ्या. कुणाचं हॉस्पिटल, कुणाचा पासपोर्ट, कुणाचं भांडण, सगळीकडं हाच.

"जयभीम काका. वर अरबाबाची सही घ्यायचीय. आलोच."

अरबाब म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो मालक. मी म्हणलं, "दोन तास." तो पळत गेला. मी खडू मारला.

दोन तास झाले. मिलिंद आला नाही. मी घड्याळ दोनदा बघितलं आणि लॉक लावलं. वर्गीस ऑफिस बंद करून घरी निघाला होता. एक वाजला की गुदैबिया झोपतं. दुकानांची शटरं खाली, चार वाजेपर्यंत रस्त्यावर कुत्रं नाही. जाता जाता त्यानं लॉक लावलेली व्हॅन बघितली, मान हलवली आणि गेला.

तो वळणावर गेला असंल-नसंल, तेवढ्यात मिलिंद जिन्यानं खाली आला. हातात कागद. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. लॉक बघितलं आणि जागीच थांबला.

"काका. हे काय केलंत?"

"दोन तास झाले."

"अहो, तो अरबाबच आत्ता आला! मी दारात उभा होतो, खाली आलो असतो अन् तो आला असता तर सही गेली असती. काका, उघडा."

"पावती आण."

"कुणाकडून? ऑफिसला कुलूप हाय!"

"चार वाजता उघडंल."

मिलिंदनं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि ताडपत्री बाजूला केली. आत पेटी. लांब, नव्या लाकडाची, आतून पत्रा मारलेली. मोकळी होती. पण ती कशाची आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. तिथं दहा वर्षं काढलेल्या माणसाला ती पेटी कळते.

"कुणाचं रे?"

"बाळूचं. सलमाबाद कॅम्पातला. परवा झोपेतच गेला."

बाळू मला माहीत होता. सलमाबाद म्हणजे वर्कशॉपांचा आणि मजुरांच्या खोल्यांचा भाग. तिथून तो शुक्रवारी बसनं यायचा. वंदना संपली की सतरंज्या घडी करायचा. जास्त बोलायचा नाही. तिशीचाही नसंल.

मिलिंद सांगायला लागला. ही बाळूच्या अरबाबाची सही शेवटची होती. आता पेटी दवाखान्याच्या शवघरात न्यायची, तिथं सील करणारा माणूस तीनपर्यंत थांबतो, मग मुहर्रकचा पूल ओलांडून विमानतळाच्या कार्गोला. कार्गोवाला चारला बंद करतो. आजचं गेलं तर उद्या शुक्रवार, मग विमानात जागा मिळंल तेव्हा. गावाकडं कळवलेलं. भाऊ मुंबईला गाडी घेऊन पोचलेला. आई दारात बसलेली, मिलिंद म्हणला, तिनं पोराला बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही असं धरलंय.

"मग मला सकाळी सांगायचं नाहीस? आत येताना?"

"सांगितलं असतं तर मढ्याची पेटी आत घेऊ दिली असती का तुम्ही?"

"दिली असती."

मी म्हणलो खरं. दिली असती का, ते मला आजही सांगता येत नाही.

"अन् मला वाटलं," तो म्हणला, "आपले काका आहेत. आपल्याला थोडंच लावतील."

"आणि मला वाटलं आपला मिलिंद आहे. त्याला तर लावायलाच पायजे."

मग मीच म्हणलं, "दुसरी गाडी कर."

"पासवर हिचा नंबर हाय. शवघराच्या फाटकावर नंबर बघतात, कार्गोच्या फाटकावर बघतात. काका, वेळ चाललीय हो!" त्यानं खिशातून दहाची नोट काढली. "हे घ्या. तुम्हीच घ्या. पावती मागाहून फाडा."

मी हात मागं घेतला. तीच तर गोष्ट होती. ती नोट माझ्या हातात कुणी बघितली की राजस्थान्याच्या मागं मी.

कोल्ड स्टोअरवाला केरळी दुकानातच झोपायचा. शटर वाजवून त्याला उठवला, त्याच्या फोनवरून वर्गीसच्या घरी लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. दुपारी तो रिसीव्हर काढून ठेवतो हे मला ठाऊक होतं, तरी परत लावला.

मागं आलो तर मिलिंद लॉकला लाथा घालत होता. मला बघून थांबला आणि माझ्या कमरेकडं बोट केलं.

"चावी तिथं हाय. तिथं! हात लांब केला की झालं. एका मेलेल्या पोरासाठी तुमच्यानं एवढं होईना? शुक्रवारी पुढं बसून वंदना म्हणता ना?"

हे वाचणाऱ्यांना वाटंल, उघडायचं होतं की. मॅनेजरनं समजून घेतलं असतं. घेतलंही असतं. पण तो समजून घेणार होता त्याच्या झोपेनंतर, आणि मालक समजून घेणार होता की नाही हे कुणाला माहीत? घरी माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायची होती. आणि खरं सांगू, नुसती पोरींचीच गोष्ट नव्हती. पार्किंगवर लागल्यापासून सहा वर्षं मी ते लॉक पावतीशिवाय एकदाही उघडलं नव्हतं. गल्लीत मला कुणी मान देत असंल तर तेवढ्यासाठी देत होतं. ते एकदा उघडलं की मी कोण? फाटकावर बसलेला एक म्हातारा.

मी चावीला हात लावला नाही. लॉककडं बघत उभा राहिलो.

आणि बघता बघता सगळी गोष्ट डोळ्यासमोरच होती. हे लॉक बाजारातलं नव्हतं. मालकानं सलमाबादच्या एका वेल्डरकडून स्वस्तात बनवून घेतलेलं. बाहेरचा जबडा चाकावर आडवा बसायचा, पण खालच्या अंगाला. चाकाचे पाचही नट वर उघडे. हे मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं. कुणाला बोललो नव्हतो. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण साहेब लोक स्वतः चाक बदलत नाहीत, आणि आपला माणूस लॉक बघितलं की घाबरून आधी मॅनेजरकडं धावतो.

"स्टेपनी आहे?" मी विचारलं.

"काय?"

"स्टेपनी, स्टेपनी! जॅक आहे का गाडीत?"

मिलिंदला एक क्षण लागला. मग तो सीटखाली घुसला.

लॉक उघडायचं नाही. चाकच काढायचं, लॉकसकट. चाक इथं राहील, लॉक त्याच्यावर राहील, कुलूप बंद राहील. मालक आला तर त्याला दाखवता येईल: बघा, उघडलेलं नाही, मी काही खाल्लेलं नाही, दंड बाकी आहे. गाडी तेवढी गेली.

जॅक लावला. उन्हात लोखंडाला हात लावता येत नव्हता, डोक्याचा रुमाल पान्याला गुंडाळला. गाडी वर उचलली तशी ती एका अंगाला कलली, आणि आतली पेटी घसरून पत्र्यावर धाडकन आपटली. मोकळ्या पेटीचा आवाज काय असतो ते लिहून सांगता येणार नाही. मिलिंद पळत मागं गेला आणि आत चढून दोन्ही हातांनी पेटी धरून बसला, जशी तिच्यात कुणी आहे.

चार नट निघाले. पाचवा हलेना. गंजलेला. मी पान्यावर उभा राहिलो, तरी नाही. आणि स्टेपनी खाली ठेवली तर ती बसकी, हवा नाही.

कोपऱ्यावर टायरवाला होता, बंगाली माणूस, बांगलादेशचा. दुकान बंद, मागच्या खोलीत झोपलेला. दार वाजवलं.

आतून आवाज आला, "खलास! चार बजे आव!"

"भाई, ऊठ. पंप चाहिए. नट भी नहीं निकलता."

"मफी! चार बजे!" मफी म्हणजे नाही.

मी दाराला तोंड लावून म्हणलं, "जनाजा है, भाई. जनाजा अटका है."

आत पलंग वाजला. दार उघडलं. लुंगी, उघडं अंग, डोळे लाल. त्यानं कुणाचा, कोणत्या धर्माचा, काही विचारलं नाही. हवेचा पायपंप एका हातात, लांब लोखंडी नळी दुसऱ्या हातात घेतली आणि अनवाणी माझ्या पुढं चालायला लागला. सिमेंटवर पाय भाजत होते, तो टाचांवर चालत होता.

नळी पान्याच्या दांड्यावर चढवली, तसा पान्याचा हात लांब झाला. आम्ही दोघांनी तिला लोंबकळून जोर केला. नट कुईं करून फिरला. तो नट जमिनीवर पडला तेव्हा मी मोठ्यानं शिवी दिली, आनंदानं. मग चाक खाली, स्टेपनी वर. पंप मारायला तो बंगालीच उभा राहिला. मी म्हणलं मी मारतो, तो म्हणला, "चाचा, तुम गिर जाएगा." पासपोर्टावरचं वय त्याच्यापुढं चाललं नाही.

नट आवळले. मिलिंद स्टिअरिंगवर बसला. तोंड धुतल्यासारखं घामानं भिजलेलं. गाडी सुरू केली आणि खिडकीतून माझ्याकडं बघितलं.

"काका, हे चावीनं झालं असतं."

"झालं असतं."

"अर्धा तास गेला."

"जा. यल्ला."

तो गेला. सिमेंटवर चाक आडवं पडलेलं, त्याला लॉक, शेजारी माझी खडूची रेघ. मी बंगाल्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. पाणी मागितलं. दोन ग्लास प्याला आणि झोपायला गेला.

मग मी बसलो. त्या दुपारसारखी दुपार मी परत काढली नाही. मिलिंद शवघराच्या फाटकावर पोचला असंल का? सील करणारा थांबला असंल का? स्टेपनीला हवा धरली असंल का? पुलावर मध्येच बसली तर? आणि ते अर्ध्या तासाचं म्हणला ते खरंच होतं. कार्गोचं दार त्याच्या तोंडावर बंद झालं तर ते मी बंद केलेलं असणार होतं. एकाही गाडीला त्या दुपारी मी खडू मारला नाही. तीन गाड्या फुकट राहिल्या.

चारला वर्गीस आला. चाकाभोवती एक चक्कर मारली. खाली बसून कुलूप ओढून बघितलं.

"गाडी किधर?"

"गया."

"लॉक?"

"बंद है. आप देखो."

"तुमने खोला नहीं?"

"चाबी लगाया नहीं. चाक निकाला. दहा दिनार बाकी है, आएगा."

मी कारण सांगितलं. पेटीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळे चाकावर. मग म्हणला, "तुम पागल आदमी है. मेरे घर आता, दरवाजा तोड़ता, मैं खुद आके खोलता." मी म्हणलं, "तुम्हारा घर मेरेको मालूम नहीं." हे खरं होतं. सहा वर्षांत त्यानं मला घर दाखवलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

तो वर गेला, मालकाला फोन केला. मला खाली उभं ठेवलं. खूप वेळानं जिन्यात येऊन म्हणला, "अरबाब पूछता है, ये काम दूसरा आदमी भी कर सकता है?"

"कर सकता है."

"तो ये लॉक किस काम का? शनिवार को ये ठीक चाहिए. नहीं तो तुम्हारा भी चाक निकलेगा."

अंधार पडायच्या सुमाराला कोल्ड स्टोअरवाल्यानं हाक मारली, "चाचा, फोन!" मी असा धावलो की चप्पल मागं राहिली.

मिलिंद होता. मागं खूप गडबड.

"काका. गेला."

"चढला का?"

"घेतला त्यांनी. दार लावायलाच लागला होता. मी हात घातला मध्ये. बोटं सुजलीत. पण घेतला."

मी फोन ठेवला आणि दुकानातल्या पोत्यावर बसलो. केरळ्यानं न सांगता चहा पुढं केला.

ऑफिस बंद व्हायच्या आत मिलिंद आला. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. दहा दिनार वर्गीसच्या टेबलावर ठेवले, वर्गीसनं पावती फाडली. मी पावती बघितली, चावी लावली, लॉक उघडलं. चाक त्यानं डाव्या हातानं उचललं, मला हात लावू दिला नाही. गाडीत टाकलं. निघताना म्हणला, "उद्या सकाळी बाळूसाठी वंदना हाय. गाडी लावायची नाही, काका. नुसतं यायचंय. या."

"बघतो," म्हणलं.

शुक्रवारी पार्किंग रिकामं. लॉक मोकळं असायचं असा तो एकच दिवस. सकाळी उठलो, दाढी केली, पांढरा शर्ट घातला. वंदनेचा फ्लॅट माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या. बुटांच्या जोड्या दाराबाहेर लागलेल्या लांबून दिसत होत्या. मी तिकडं वळलो नाही. लॉक गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि सलमाबादची बस धरली.

वेल्डर शुक्रवारीही खाजगी कामं घ्यायचा. पंजाबी, वयस्क. कॅम्पाच्या मागंच त्याचं शेड. बाळू जिथं राहायचा त्या खोल्या तिथून दिसत होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. वेल्डरनं लॉक ओळखलं, त्याच्याच हातचं होतं. मी त्याला नट कुठं येतात ते खडूनं दाखवलं आणि म्हणलं, इथं गोल पत्रा मार, नटांना पाना लागता कामा नये.

त्यानं गोष्ट ऐकली होती. कॅम्पात सगळ्यांनी ऐकली होती. त्यानं पत्रा कापला, जबड्यावर ठेवला, जरा बाजूला सरकवला आणि माझ्याकडं बघितलं.

"चाचा, थोड़ा फाँक छोड़ दूँ? बाहर से दिखेगा नहीं. सिर्फ तेरे को मालूम रहेगा. फिर कोई ऐसा दिन आया तो?"

मी कॅम्पाच्या दोरीकडं बघितलं. मग पत्रा हातानं धरून जागेवर बसवला.

"पूरा बंद कर," मी म्हणलं.

त्यानं तोंडापुढं काच धरली. मी पत्रा धरून उभा राहिलो, त्याचं होईपर्यंत.